हिरडीच्या फटीतलं गाव

अचलपुरातल्या एखाद्या जुन्या घराच्या मोरीवर सकाळी हे दृश्य सहज दिसेल. आजी बोटावर मंजन घेते, दातांवरून दोनदा फिरवते आणि थुंकते. थुंकीत गुलाबी धार असते. नातू ब्रश पुढे करतो, तर उत्तर तयार असतं : ‘‘ब्रश केला का रगत येते बाप्पा, मनून सोडून देल्ला.’’ रक्त येतं म्हणून घासणं बंद होतं, घासणं बंद झालं की रक्त वाढतं, आणि काही वर्षांनी एखादा दात जिभेनं ढकलला तरी हलायला लागतो. या सगळ्या काळात दुखलेलं जवळजवळ काहीच नसतं. ‘‘वय झालं, आता दात जातीनच,’’ एवढ्यावर विषय मिटतो.

पण दात वयानं पडत नाहीत. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलं की पडतात, आणि ते हाड झिजवणारी घडामोड हिरडीच्या कडेखाली, दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत वर्षानुवर्षं चालू असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र रोगाचे जगात १०० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. प्रौढांपैकी साधारण पाचातला एक. एवढ्या मोठ्या रोगाचं मूळ ज्या वस्तीत आहे ती नुसत्या डोळ्यांना फक्त पांढरट चिकट थर म्हणून दिसते.

‘वैदर्भ’ नावाचा रोग

वऱ्हाडातल्या वाचकाला गंमत वाटेल अशी एक नोंद सुश्रुतसंहितेत आहे. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोगांचं वर्गीकरण येतं. एकूण ६५ मुखरोग, त्यांतले १५ दंतमूलाचे, म्हणजे आपल्या भाषेत हिरड्यांचे. त्या पंधरांतल्या एकाचं नाव चक्क ‘वैदर्भ’! हिरड्या घासल्या-खरडल्या गेल्यानं मोठी सूज येते आणि दात हलू लागतात, अशी त्याची लक्षणं दिली आहेत. नाव असं असलं तरी विदर्भातल्या लोकांनी मनाला लावून घेऊ नये, कारण हा रोग आघातानं होतो असं ग्रंथकारानंच स्पष्ट केलं आहे. जाडंभरडं मंजन बोटानं करकरून चोळणाऱ्यांनी मात्र ही नोंद लक्षात ठेवावी.

आपल्या विषयाला जवळचे दोन रोग त्याच यादीत आहेत. ‘शीताद’मध्ये काही लागलं-खुपलं नसताना हिरडीतून रक्त येतं, ती मऊ पडते, काळपट होते, तोंडाला घाण येते. ‘दंतवेष्ट’मध्ये पू आणि रक्त येतं आणि दात हलतात. आजचे दंतवैद्य पहिल्या अवस्थेला जिंजिव्हायटिस म्हणजे हिरडीचा दाह म्हणतात, दुसरीला पेरिओडॉन्टायटिस. गावाकडे दोन्हींना मिळून ‘पायोरिया’ हाच शब्द आहे. सुश्रुतानं कारण दोषांमध्ये शोधलं, कारण जे डोळ्यांना दिसतच नव्हतं ते त्याच्या हिशेबात येणं शक्य नव्हतं.

कापडाच्या व्यापाऱ्यानं पाहिलेले जीव

ते पहिल्यांदा दिसलं १६८३ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी. कापडाची वीण तपासायला भिंग वापरता वापरता तो स्वतःच बारीक भिंगं घासायला लागला. रोज सकाळी दात मिठानं घासण्याची त्याची सवय होती, म्हणजे आपल्या आजीपेक्षा फार वेगळी नाही. तरीही दातांच्या फटींत पांढरं, पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी राहतंच, हे त्याच्या ध्यानात आलं. ते त्यानं काढलं, पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवलं आणि भिंगाखाली धरलं. आत इवले जीव वळवळत होते. काही भाल्यासारखे सुसाट जात होते, काही भोवऱ्यासारखे गरगरत होते. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या दातांवरचा थर त्यानं तपासला तेव्हा तर जीवांची गर्दीच गर्दी होती. १७ सप्टेंबर १६८३च्या पत्रात हे सगळं लिहून त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

त्यानं आणखी एक करून पाहिलं, आणि त्याचं महत्त्व कळायला जवळपास तीनशे वर्षं लागली. त्यानं व्हिनेगरनं खळखळून चूळ भरली. बाहेरच्या बाजूचे जीव मेले, थराच्या आतले जिवंत राहिले. नुसत्या चुळा भरून हिरड्या का सुधारत नाहीत याचं उत्तर त्या निरीक्षणातच होतं.

हा प्रयोग आजही कुणालाही करता येतो. सकाळी तोंड धुण्याआधी खालच्या पुढच्या दातांच्या मागून, हिरडीच्या अगदी कडेपासून, टूथपिकच्या टोकानं थोडंसं खरवडा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर लाळेच्या थेंबात ते मिसळा, वर झाकणकाच ठेवा आणि ४०० पट मोठं करून, प्रकाश कमी ठेवून पाहा. गोल ठिपके जागच्या जागी थरथरताना दिसतील, काड्या, लांब दोरे. आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर त्यांच्यामधून स्क्रूसारखे पीळ घेत सटकणारे मळसूत्री जिवाणूही.

वस्ती कशी बसते

तोंडात एकूण ७००हून अधिक जातींचे जिवाणू सापडतात. एका मिलिलिटर लाळेत सुमारे १० कोटी. त्यांतले बहुतेक आपल्या कामाचे किंवा निरुपद्रवी आहेत. लाळेत तरंगणारे गिळले जातात आणि जठरातल्या आम्लात संपतात. टिकायचं तर कुठंतरी चिकटावं लागतं. गाल, जीभ, हिरडी यांचं वरचं अस्तर सतत सुटून जातं, त्यामुळे तिथं फार दाट वस्ती साचत नाही. तोंडात न सुटणारी जागा एकच, ती म्हणजे दात.

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतली प्रथिनं दातावर पातळ पापुद्रा धरतात. शेणानं सारवलेल्या अंगणासारखी ही तयार जमीन असते. तिच्यावर आधी येतात स्ट्रेप्टोकॉकस आणि अ‍ॅक्टिनोमायसिस. त्यांना प्राणवायू चालतो आणि ते तसे शांत स्वभावाचे. ते वाढतात, प्राणवायू वापरतात, भोवती चिकट आवरण तयार करतात. आता थराच्या आत प्राणवायू कमी पडतो आणि दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांना जागा मिळते. त्यात फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा लांब, तर्कूसारखा जिवाणू मोक्याचा. आधी आलेल्यांना आणि मागून येणाऱ्यांना, दोघांनाही तो चिकटू शकतो. वस्तीत दोन्हीकडे नातं असलेला सोयरा असतो तसा. त्याच्या आधारानं प्राणवायू न सोसणारे जिवाणू आत शिरतात. एकाची टाकाऊ वस्तू दुसऱ्याचं अन्न होते. अशा थराला प्लाक किंवा दंतथर म्हणतात, आणि शास्त्रात ‘बायोफिल्म’.

थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि दोनेक आठवड्यांत तो दगडासारखा कडक होऊ लागतो. हाच कीट, म्हणजे टार्टर. तो सगळ्यात जास्त बसतो खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण लाळेच्या नळ्या नेमक्या तिथंच उघडतात. म्हणून कीट पाण्यामुळे बसतो असं मानण्यात अर्थ नाही. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातला माणूस असो की मेळघाटातल्या झऱ्याचं पाणी पिणारा, कीटाचा माल पुरवते ती मुख्यतः ज्याची त्याची लाळ. आणि कीट स्वतः हिरडीला तितकं छळत नाही. त्याच्या खडबडीत अंगावर ताजा थर घट्ट धरतो आणि ब्रशला दाद देत नाही, खरा त्रास तो.

कीटाचा एक अनपेक्षित उपयोगही झाला आहे. दगड झालेल्या थरात जिवाणूंचा डीएनए शतकानुशतकं टिकतो. जर्मनीत डालहाइम इथल्या मठाजवळ पुरलेल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कीटात आजच्या हिरड्यांच्या रोगातलेच जिवाणू सापडले, असा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पुण्याजवळच्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचे सांगाडे निघाले. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकी संशोधक जॉन लुकाच यांनी त्यांच्या दातांचा बारकाईनं अभ्यास केला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं आरोग्य आणि आहार आज त्याच्या दातांवरून वाचता येतो.

आरहूसचे बारा जण

थर आणि रोग सोबत दिसतात, हे जुनंच निरीक्षण. पण थरामुळेच रोग होतो, हे दाखवायला १९६५ साल उजाडावं लागलं. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या दंत महाविद्यालयात हॅराल्ड लो यांनी बारा निरोगी माणसं निवडली. त्यांत बहुतेक पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्यांना सांगितलं, आजपासून दात घासायचे नाहीत. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या.

दरम्यान थरातली मंडळी कशी बदलत गेली तेही नोंदलं गेलं. सुरुवातीला गोल जिवाणू आणि आखूड काड्या, मग लांब दोऱ्यांसारखे, शेवटी वळवळणारे स्वल्पविरामासारखे आणि मळसूत्री. बाहेरून कुणी नवा रोगजंतू सोडला नव्हता. तोंडात आधीपासूनच थोडेथोडके असलेले जिवाणू, वस्ती जुनी होईल तसे पुढे आले होते. मग पुन्हा घासायला सांगितलं. आठवडाभरात थर गेला आणि हिरड्या पूर्ववत झाल्या. मोरीवरच्या आजीला सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच.

लाल गट आणि गाविलगडचा दरवाजा

पुढचा प्रश्न होता, या गर्दीत मुख्य गुन्हेगार कोण? क्षयाचा एक जंतू, पटकीचा एक जंतू, तसा हिरड्यांचाही एकच असेल, या अपेक्षेनं शोध बराच काळ चालला. १९९८ साली अमेरिकेतले सिग्मंड सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १८५ माणसांच्या तोंडातले १३,२६१ नमुने तपासले आणि जिवाणूंच्या टोळ्या कशा पडतात ते पाहिलं. प्रत्येक टोळीला त्यांनी एक रंग दिला. रोगट हिरडीच्या खोल झालेल्या फटींत तीन जिवाणू हटकून एकत्र सापडत होते : पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि मळसूत्री ट्रेपोनेमा डेंटिकोला. हाच तो ‘लाल गट’.

त्यांतल्या पहिल्याचं चरित्र विशेष वाचण्यासारखं आहे. रक्त मिसळलेल्या आगरवर वाढवला की त्याच्या वसाहती काळ्या दिसतात, कारण रक्तातलं लोहयुक्त हीम तो गोळा करून अंगावर साठवतो. साखरेत त्याला गोडी नाही, त्याला प्रथिनं हवीत. म्हणजे हिरडीतून रक्त येणं हे त्याच्यासाठी ताट वाढल्यासारखं. ‘जिंजिपेन’ नावाची विकरं सोडून तो आसपासची प्रथिनं कापतो. या विकरांचा खरा डाव मात्र आपल्या संरक्षण व्यवस्थेवर आहे. पांढऱ्या पेशींना दिशा दाखवणारे रासायनिक संदेशच तो विस्कटून टाकतो, त्यामुळे पेशी येतात पण मारायचं काम धड करत नाहीत आणि आग मात्र पेटती राहते.

२०११ साली जॉर्ज हजिशेंगालिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात एक चकित करणारी गोष्ट दिसली. हा जिवाणू एकूण वस्तीच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी असला तरी सगळी वस्ती बिघडत होती आणि हाड झिजत होतं. दुसरीकडे, ज्या उंदरांच्या तोंडात दुसरा एकही जिवाणू नव्हता, तिथं हा एकटा सोडला तर हाडाला काहीच झालं नाही.

अचलपूरच्या माणसाला हे समजायला दूर जायला नको. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड डोळ्यांसमोर आणावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या या किल्ल्यावर इंग्रजांनी हल्ला केला. उत्तरेकडून डोंगर चढवून आणलेल्या तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, पण आतला तट शाबूत होता आणि सैन्य दरवाजाशी अडलं. तेव्हा एक लहानशी तुकडी शिड्या लावून तट चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्ला पडला तो मागून आत घुसलेल्या सैन्यामुळे, पण त्या मूठभरांशिवाय ते सैन्य बाहेरच राहिलं असतं. पॉर्फिरोमोनास ही ती मूठभर तुकडी. एकटी काही करू शकत नाही, पण दरवाजा तीच उघडते.

हाड पाडतं कोण?

दात जबड्यात चुन्यानं बसवल्यासारखा पक्का नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पट्टा असतो आणि दात त्यावर झोळीतल्या बाळासारखा टांगलेला असतो. निरोगी हिरडी दाताला बिलगून असते आणि मधली फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. सूज टिकून राहिली की तंतू तुटतात, फट खाली सरकते, खिसा होतो. खिशात ब्रश पोचत नाही, प्राणवायू तर नाहीच, त्यामुळे लाल गटाला आयतं घर मिळतं.

दंतवैद्याच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. ती दाताच्या कडेनं हळूच खाली सोडत तो सहायकाला आकडे सांगत जातो : दोन, तीन, दोन, सहा. दोन आणि तीन ठीक. सहा म्हटल्यावर सळई जिथवर उतरली, तिथं एके काळी तंतूंनी घट्ट धरलेला दात होता.

इथं एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ते हाड जिवाणू खात नाहीत. जिवाणू इतक्या जवळ आल्याचे इशारे सतत मिळत राहिले की आपल्याच शरीरातल्या हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. शत्रू आला म्हणून मागची भिंत पाडून माघार घ्यावी तसं शरीर हाड मागे घेतं. ती माघार थांबवता येते, पण गेलेलं हाड बहुतेक परत मिळत नाही.

म्हणूनच एकच थर सगळ्यांना सारखा बाधत नाही. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांच्या दातांचा अभ्यास लो यांच्याच गटानं केला. हे लोक दात घासतच नव्हते. जवळजवळ सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीट, हिरड्यांना दाह. तरीही ८ टक्के लोकांचं हाड झपाट्यानं झिजलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा रोग हिरडीच्या दाहापलीकडे गेलाच नाही. ‘‘आमच्या बाबानं कधी ब्रश हातात नाही घेतला, तरी बत्तीस दात शाबूत होते,’’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचे वडील त्या ११ टक्क्यांतले असतील. मुलगा त्यांतलाच निघेल, याची मात्र हमी नाही.

खर्रा आणि साखर

दोन गोष्टी तराजू रोगाच्या बाजूला झुकवतात, आणि वऱ्हाडात दोन्ही घरोघरी आहेत. पहिली तंबाखू. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. तिथं रक्त न येणं हे बरं असल्याचं लक्षण नव्हे. धोक्याची घंटाच बंद पडलेली असते आणि आत हाड निमूट जात राहतं. खर्रा किंवा तंबाखू-चुना रोज ज्या कोपऱ्यात धरला जातो तिथली हिरडी मागे सरकते आणि मुळं उघडी पडतात. भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावणाऱ्या बायकांना ‘दात साफ होतात’ असं वाटतं, पण ती साफसफाई नव्हे, तंबाखूचंच व्यसन आहे.

दुसरी गोष्ट मधुमेह. रक्तात साखर वाढलेली असली की हिरडीचा दाह चिघळतो आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट बाजूनंही तेच. हिरड्यांतला सततचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची काही महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, सुमारे ०.४ टक्के-बिंदूंनी उतरतो, असं चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. हृदयरोगाशी हिरड्यांच्या रोगाचं नातंही वारंवार आढळलं आहे, पण एकामुळेच दुसरा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. तेव्हा रक्त दिसलं की घाबरून घासणं सोडू नये.

वस्ती उठवायची कशी

जिवाणू तोंडातून कायमचे हाकलता येत नाहीत, आणि हाकलूही नयेत. करायचं एवढंच, की वस्ती जुनी होऊ द्यायची नाही. लेव्हेनहूकच्या व्हिनेगरनं दाखवलं तसं औषध थराच्या आत नीट पोचत नाही, म्हणून थर हातानंच मोडावा लागतो. दिवसातून दोनदा, मऊ ब्रशनं, दोन मिनिटं, हिरडीच्या कडेशी ब्रश तिरपा धरून. कडुनिंबाची काडी किंवा मिसवाक चावून मऊ केलेल्या टोकानं हळुवार वापरली तर पुढून चांगलं काम करते, पण दाढांच्या मागे आणि दोन दातांच्या मधे पोचत नाही. ही मधली जागाच रोगाची आवडती, म्हणून तिथं दोरा किंवा बारीक ब्रश हवा. बोटानं लावलेलं मंजन, मग ते कितीही गुणकारी असो, फटीत शिरत नाही. राखुंडीसारखं खरखरीत मंजन चोळलं तर दाताचं वरचं कवच आणि हिरडी दोन्ही झिजतात. सुश्रुताचा ‘वैदर्भ’ इथं आठवावा.

कीट मात्र घरी निघत नाही. तो दंतवैद्यानं काढावा लागतो. ‘‘दात साफ केले का ढिले होतेत,’’ हा समज वऱ्हाडात पक्का आहे आणि तो अगदीच हवेतून आलेला नाही. सूज उतरली की हिरडी आकसते, कीटानं बुजलेल्या फटी उघड्या होतात, आणि हाड आधीच गेलेले दात आता मोकळे वाटतात. पडक्या भिंतीला टेकलेला ढिगारा उचलला म्हणजे भिंत पडकी असल्याचं कळतं. ढिगाऱ्यानं तिला सावरलेलं नसतं.

आजीच्या मोरीकडे परत येऊ. तिला सांगायचं ते असं : ‘‘आजी, रगत येते मनूनच घासा. जिथून येते तिथंच, पन हळू.’’ पहिले तीन-चार दिवस धार गुलाबीच येईल. आरहूसच्या पोरांना आठवडा लागला होता. आजींना थोडा जास्त लागेल. दहा-पंधरा दिवस नेमानं घासूनही रंग जात नसेल, तर फट ब्रशच्या आवाक्याबाहेर गेली आहे असं समजून दंतवैद्याकडे जावं, त्याची सळई किती खोल उतरते ते मोजून घ्यावं, आणि रक्तातली साखरही तपासून घ्यावी. पण बऱ्याच घरांत तेवढी वेळ येत नाही. एखाद्या सकाळी आजी थुंकते, खाली पाहते आणि पाणी नुसतं पांढरं असतं.